धम्मसहल : महिन्यातला एक दिवस मनासाठी

आपल्या वस्तीत कुणाला रात्री दोन वाजता ताप चढला, तर शेजारचा माणूस उठून रिक्षा बोलावतो. गरोदर बाईला कळा सुरू झाल्या, तर चार घरच्या बायका धावतात. पण एखादी वहिनी सहा महिने धड झोपलेली नसते, एखादा भाऊ कामावरून आला की भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, एखादी आजी दिवसभर दाराच्या उंबऱ्यावर बसून कुणी बोलेल का म्हणून वाट पाहते, तेव्हा कुणीही रिक्षा बोलावत नाही. कारण हा आजार आहे असे आपल्याला वाटतच नाही. "टेन्शन आहे", "अंग दुखतंय", "डोकं जड झालंय" एवढे बोलून आपण विषय संपवतो.

आमचे म्हणणे सरळ आहे. वस्तीतल्या सगळ्यांनी मिळून महिन्यातून एक दिवस बाहेर पडणे, डोंगरावर जाणे, लेणी पाहणे, एकत्र गाणे आणि एकत्र जेवणे ही चैन नाही. रक्तदाबाची गोळी जेवढी गरजेची, तेवढीच ही गोष्ट गरजेची आहे. त्यासाठी लागणारे सगळे आपल्या हाताशी आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या आजूबाजूला दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. तिकडे जाणाऱ्या लोकलचे तिकीट वडापावापेक्षा फार महाग नाही.

थकवा कुठून येतो?

आपला पट्टा कामाचा आहे. आकुर्डी, भोसरी, चाकण, महाळुंगे, निघोजे इथल्या कंपन्यांची चाके तीन पाळ्यांत फिरतात आणि घरेही त्याच तीन पाळ्यांत फिरतात. नवरा रात्रपाळी करून सकाळी येतो, तेव्हा बायको धुणी-भांड्याच्या कामाला निघालेली असते. मुलगा कंत्राटी कामावर असतो. ब्रेक दिला तर पुढचा महिना कसा जाईल, हे त्याला माहीत नसते. कुणाची सुट्टी रविवारी, कुणाची गुरुवारी. एका खोलीत पाच माणसे राहतात, पण पाचही जण एकत्र बसून जेवल्याला आठवडे उलटतात. सुट्टी मिळालीच तर ती कपडे धुण्यात, पाणी भरण्यात आणि रेशनच्या रांगेत जाते.

बंगलोरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. प्रौढांपैकी साधारण दहातल्या एका माणसाला त्या वेळी मानसिक आजार होता, असे तिच्यात दिसले. आजार असून उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के होते. म्हणजे आपल्या गल्लीत पन्नास मोठी माणसे असतील, तर त्यातली चार-पाच आतून झुरत असण्याची शक्यता आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांनी डॉक्टरचे तोंडही पाहिलेले नसेल.

प्रत्येक दुःखाला गोळी लागते असेही नाही. बरेचसे ओझे माणसे, मोकळी हवा आणि थोडी विश्रांती मिळाली की हलके होते. त्यासाठीच ही सहल.

हे नुसते बोलणे नाही

इंग्लंडमध्ये सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीवर आधारित एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून किमान १२० मिनिटे झाडे, बागा, डोंगर किंवा नदीकाठी घालवणाऱ्यांमध्ये "माझी तब्येत चांगली आहे, मन बरे आहे" असे सांगणारे लोक जास्त आढळले. ही दोन तासांची वेळ एकदम काढली काय किंवा थोडी थोडी करून काढली काय, फरक दिसला नाही. पाळीत काम करणाऱ्यांना हे सोयीचे आहे. निगडीच्या दुर्गाटेकडीवर दोन दिवस अर्धा-अर्धा तास आणि सुट्टीला एक तास, एवढ्याने हिशेब पुरा होतो.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्येच गाणे, नाच, नाटक, चित्र अशा कला आणि आरोग्य यांचा संबंध तपासणारा अहवाल काढला. त्यासाठी तीन हजारांहून अधिक अभ्यास पाहिले गेले. कला आजार टाळायलाही मदत करते आणि आजारातून उठायलाही मदत करते, असा त्याचा निष्कर्ष होता. इंग्लंडमध्येच १३४ बाळंतिणींवर केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. बाळंतपणानंतर उदासीनतेने घेरलेल्या आयांपैकी काही जणी दहा आठवडे गटाने गाणी म्हणायला जमल्या. ज्यांचा त्रास मध्यम किंवा जास्त होता, त्यांच्यापैकी गाणाऱ्या आयांना लवकर उतार पडला.

आपल्या वस्तीत बाळंतिणीला सव्वा महिना खोलीत ठेवतात. तिच्या अंगाला तेल लावतो, शेक देतो, डिंकाचे लाडू देतो. पण ती का रडते, हे कुणी विचारत नाही. चार जणी तिच्या उशाशी बसून पाळणा म्हणत होत्या, तेव्हा तिला बरे वाटत होते, हे आपल्या आज्यांना कुणी अभ्यास न सांगताही ठाऊक होते.

गाण्याचे बळ आपल्या चळवळीला नवे नाही. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांचे जलसे गावोगाव फिरले. पुढे वामनदादा कर्डकांची गाणी घरोघर गेली. दिवसभर राबून आलेली माणसे रात्री घोंगडीवर बसून ती ऐकायची, मागे कोरस धरायची. त्यातून विचार मिळाला आणि "मी एकटा नाही" हा आधारही मिळाला. स्वतः बाबासाहेब एवढ्या कामाच्या रगाड्यात व्हायोलिन शिकले. मनालाही काही लागते, हे त्यांना कळत होते.

ही लेणी कुणी घडवली?

"लेणी बघायला जाऊ" म्हटले की काही घरांतून उत्तर येते, "दगडात काय बघायचं?" म्हणून थोडे त्या दगडाबद्दल सांगतो.

देहूरोडच्या पुढे, जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगत, बेगडेवाडी आणि घोरावाडी स्टेशनांच्या परिसरात शेलारवाडीची लेणी आहेत. लोक त्या डोंगराला घोरावडेश्वर म्हणतात. तिथल्या एका लेण्यात धम्मलिपीत लेख आहे. धेनुकाकट गावी राहणाऱ्या उसभणक नावाच्या शेतकऱ्याची बायको सिअगुतणिका हिने आपल्या मुलासह हे लेणे दान दिले, असे त्यात कोरले आहे. नांगर हाकणाऱ्या माणसाची बायको! राजाची राणी नव्हे. दोन हजार वर्षांच्या आसपास झाली, तिचे नाव अजून दगडावर आहे.

कार्ल्याला जा. तिथला चैत्य सुमारे १२४ फूट लांब आहे आणि देशातल्या सर्वांत मोठ्या कोरीव चैत्यांमध्ये गणला जातो. छताच्या लाकडी कमानी अजून जागेवर आहेत. स्तूपावरची लाकडी छत्रीही आहे. त्या चैत्याच्या एका दरवाजाचे दान सिंहदत्त नावाच्या अत्तरविक्याने दिले. दुसऱ्या दरवाजाच्या कामावर सामी नावाच्या सुताराचे नाव आहे. खांबांवर परदेशातून आलेल्या यवनांची नावे आहेत. कोडी नावाच्या भिक्खुणीने वेदिका दिली. कुणी खांब दिला, कुणी दार दिले, कुणी हाताचे काम दिले, आणि सगळ्यांचे मिळून एवढे मोठे लेणे उभे राहिले.

आपण कंपनीत दिवसाला शेकडो सुटे भाग बनवतो. त्यावर आपले नाव कधी येत नाही. सामी सुताराचे नाव वाचताना कारखान्यात हात काळे करणाऱ्या माणसाला जे वाटते, ते आम्हाला शब्दांत सांगता येणार नाही. ते तिथे उभे राहूनच कळते. आपण कुठून तरी आलेली, कुणाच्या तरी जागेवर राहणारी माणसे आहोत असे वस्तीतल्या पोरांना रोज ऐकवले जाते. मग ती या डोंगरावर उभी राहतात आणि ताठ होतात. मनाच्या आरोग्याला हा ताठपणा फार लागतो.

कुठे जाता येईल?

सुरुवात देहूरोडपासून करावी. १९५४ च्या डिसेंबरमध्ये बाबासाहेब रंगूनच्या बौद्ध परिषदेला गेले होते. तिथून आणलेली बुद्धमूर्ती त्यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात स्वतःच्या हाताने बसवली. दरवर्षी २५ डिसेंबरला तिथे मोठी गर्दी होते. आपण मात्र एखाद्या साध्या दिवशी जावे. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना चढण झेपत नाही, त्या आजी-आजोबांना घेऊन जायला ही जागा सगळ्यात चांगली. शांतपणे बसता येते, वंदना घेता येते, मुलांना इतिहास सांगता येतो.

दुसरी सहल शेलारवाडीची. चढ आहे, पण सकाळी लवकर निघालात तर दुपारच्या जेवणाला घरी येता. महाशिवरात्रीला तिथे यात्रा असते, तो दिवस टाळावा.

तिसरी भाजे. लोकलने मळवली स्टेशनला उतरायचे. पिंपरीहून साधारण तासाभराचा प्रवास. स्टेशनपासून गावातून चालत लेण्यांच्या पायथ्याशी जाता येते. इथे २२ लेणी आहेत. ती इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरायला सुरुवात झाली. एका ठिकाणी १४ स्तूप एकत्र आहेत. ते इथे राहून गेलेल्या भिक्खूंच्या स्मृतीचे आहेत, आणि काहींवर अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन्न अशी थेरांची नावे आहेत. एका शिल्पात एक स्त्री तबल्यासारखे वाद्य वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे. मुलींना ते आवर्जून दाखवा. आपल्याकडे बायकांनी वाद्य वाजवणे आजचे नाही.

मळवलीच्याच दुसऱ्या बाजूला कार्ले आहे. सुमारे साडेतीनशे पायऱ्या आहेत. वाटेवर एकवीरा देवीचे मंदिर असल्याने चैत्रात आणि नवरात्रात प्रचंड गर्दी असते. तो काळ सोडून मधल्या वारी जावे. कार्ले आणि भाजे इथे पुरातत्त्व खात्याचे थोडे तिकीट आहे. पंधरा वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही.

ज्यांना गर्दी नको, त्यांनी कामशेतहून पवन मावळात बेडसे गाठावे. सुमारे चारशे पायऱ्या आहेत. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक याने दिलेल्या दानाचा लेख तिथे आहे. खांबांच्या माथ्यावर हत्ती-घोड्यांवर बसलेली माणसे इतकी जिवंत कोरली आहेत की लहान मुले तिथून हलत नाहीत. लेणी पूर्वेकडे तोंड करून आहेत, म्हणून सकाळचे ऊन थेट आत येते.

चाकणकडच्या मंडळींना रेल्वे नाही. त्यांनी शेअर जीपने किंवा बसने तळेगाव गाठावे आणि पुढे लोकल धरावी. तळेगाव दाभाड्यात बाबासाहेबांचे निवासस्थान आहे, ते वाटेत पाहून होते. औद्योगिक वसाहतीच्या कडेलाच भामचंद्र डोंगर आहे. तिथेही लेणी आहेत. कंपनीच्या गेटमधून रोज दिसणाऱ्या त्या डोंगरावर आपण कधी गेलोच नाही, असे सांगणारे कामगार आम्हाला खूप भेटतात.

एक सूचना. पुणे-लोणावळा लोकल दुपारी बराच वेळ नसते. परतीचे वेळापत्रक पाहूनच निघा, नाहीतर लहान मुलांना घेऊन फलाटावर ताटकळावे लागते.

सहल म्हणजे बायकांना दुसरा स्वयंपाक नव्हे

आता थोडे कडू बोलतो. वस्तीतून सहल निघते तेव्हा बायका पहाटे तीनला उठतात. पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात, मुलांचे कपडे, पाण्याच्या बाटल्या, सासऱ्यांच्या गोळ्या. तिथे पोहोचल्यावर त्याच वाढतात, त्याच भांडी आवरतात. घरी आल्यावर पुन्हा चूल. मग त्या म्हणतात, "पुढच्या वेळी तुम्ही जावा, मी घरीच बरी." जिला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, तीच घरी राहते.

म्हणून काही नियम आधीच ठरवावेत. जेवण प्रत्येक घराने आपापले आणावे, आणि ते साधे असावे. भाकरी, ठेचा, कांदा, शेंगदाण्याची चटणी, एखादे फळ. आदल्या रात्री भाकरी थापायला पुरुषांनीही हात लावावा. वाढणे आणि आवरणे तरुण मुलांकडे द्यावे. लहान मुले आळीपाळीने सांभाळावीत, म्हणजे प्रत्येक आईला निदान एक तास नुसते बसायला मिळेल.

दारू नको. पंचशील आपण रोज म्हणतो, तेव्हा हे वेगळे सांगायला नको. पण सहलीच्या नावाखाली गाडीत बाटली येते आणि मग बायका-मुली यायचे सोडतात, हे आपण सगळे जाणतो. ज्या सहलीत मुलगी निर्धास्त फिरू शकत नाही, त्या सहलीने कुणाचेच मन हलके होत नाही.

बायका प्रवासात पाणी पीत नाहीत, कारण लघवीला जायची सोय नसते. त्यातून लघवीची जळजळ, जंतुसंसर्ग, डोकेदुखी होते. जाण्याआधी एकाने माहिती काढावी की स्वच्छतागृह कुठे आहे, स्टेशनवर आहे की पायथ्याशी. थांबे तसे ठरवावेत आणि बायकांनी पोटभर पाणी प्यावे. पाळी आली म्हणून कुणी मागे राहू नये. विहारात आणि लेण्यात पाळीचा विटाळ नाही. पॅड आणि कागदी पिशवी जवळ असली की झाले. वापरलेला पॅड मात्र तिथे न टाकता परत आणावा.

खर्चासाठी बचत गटात महिन्याला दहा-वीस रुपये वेगळे काढता येतात. ज्या घरी हप्ते थकले आहेत, त्यांचे तिकीट गटाने भरावे आणि त्याची चर्चा करू नये. लेणी तशीच उभी राहिली. ज्याला जे झेपले, ते त्याने दिले.

तिथे गेल्यावर काय करायचे?

फोटो काढायचेच, पण तेवढेच करून परत येऊ नये.

पोहोचल्यावर त्रिसरण-पंचशील घ्यावे. मग चैत्यात दहा मिनिटे सगळ्यांनी गप्प बसावे. डोळे मिटून नुसता श्वास पाहावा. मशीनचा, गाड्यांचा, टीव्हीचा आवाज आपल्या कानात इतका भरलेला असतो की पहिली दोन मिनिटे अवघड जातात. नंतर खांदे आपोआप खाली येतात. ज्याला डोळे मिटून अस्वस्थ वाटते, त्याने उघडे ठेवून बसावे. जबरदस्ती नाही.

मुलांसाठी धम्मलिपीचा खेळ घ्यावा. ही लिपी काही शतके कुणालाच वाचता येत नव्हती. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप याने ती उलगडली. सांचीच्या छोट्या छोट्या लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात, हे त्याच्या ध्यानात आले. तो शब्द होता "दानं". आपल्या लेण्यांतही हा शब्द जागोजागी आहे. घरून कागदावर ती दोन अक्षरे काढून न्यावीत आणि मुलांना सांगावे, "शोधा, दानं कुठे कुठे लिहिलंय." दगडाला हात न लावता, नुसते पाहून. तास कसा जातो कळत नाही. महाराष्ट्रात ठिकठिकाणी आपली तरुण मुले-मुली ही लिपी शिकून लेण्यांवर अभ्याससहली काढतात. आपल्या जवळपास असे कुणी असेल, तर त्यांना सोबत घ्यावे.

जेवण झाल्यावर गाणी. एकाने म्हणायचे, बाकीच्यांनी धरायचे. ढोलकी किंवा नुसती टाळी पुरे. लाउडस्पीकर नको, लेण्यांना आणि पाखरांना त्याचा त्रास होतो. आज्यांना जात्यावरच्या बाबासाहेबांच्या ओव्या येतात. त्या म्हणायला सांगाव्यात आणि मोबाईलमध्ये टिपून घ्याव्यात. जिला घरात कुणी काही विचारत नाही, तिचे गाणे पन्नास माणसे ऐकतात, हे त्या आजीसाठी मोठे औषध आहे.

निघताना कचरा गोळा करावा. पाण्याच्या पोढीत पाय, भांडी, प्लास्टिक काही टाकू नये. दगडावर नाव कोरू नये, चुना-रंग लावू नये.

तब्येत सांभाळून

रात्रपाळी करून आलेल्याने थेट डोंगर चढू नये आणि मोटरसायकल तर मुळीच चालवू नये. आधी झोप, मग सहल. रक्तदाबाची आणि साखरेची गोळी त्या दिवशीही वेळेवर घ्यावी. साखर असलेल्याने उपाशी चढू नये आणि खिशात गूळ किंवा साखर ठेवावी. चढताना छातीत दाब आला, डाव्या हातात कळ आली, दरदरून घाम फुटला, तर "ॲसिडिटी असेल" म्हणत थांबू नये. लगेच खाली बसावे आणि १०८ ला फोन करावा. उन्हात कुणाला ग्लानी आली तर सावलीत घ्यावे. माणूस शुद्धीवर असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजावे.

लेण्यांच्या कपारीत आग्यामोहोळ असते. अगरबत्ती, धूर, फटाके, दगड मारणे यांनी माशा उठतात. उठल्याच तर तोंड-डोके कपड्याने झाकून दूर पळावे, हात झाडत उभे राहू नये. पुष्कळ डंख झाले किंवा दम लागला, तर दवाखाना गाठावा.

पावसाळ्यात पाण्यापासून लांब राहा. ३० जून २०२४ ला लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या वरच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना पूल कोसळून चौघांचा जीव गेला. भिक्खू पावसाचे महिने एका जागी राहून वर्षावास करत. आपणही आषाढ ते आश्विन या काळात विहारातले ग्रंथवाचन, गाण्याची बैठक आणि देहूरोडसारखी सपाटीची सहल ठेवावी. निसरड्या पायऱ्यांचे डोंगर आश्विन पौर्णिमेनंतर चढावेत.

सहलीने भागत नसेल तर

सहल म्हणजे सगळ्यावर उपाय, असे आम्ही म्हणत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, झोप-भूक उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, दारू सुटत नसेल, किंवा जगणे नको असे वाटत असेल, तर डॉक्टरकडे जायलाच हवे. सरकारची 'टेली मानस' ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. ती मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येते. पिंपरीत संत तुकारामनगरच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. तिथे जाणे म्हणजे वेडे ठरणे नव्हे. पाय मोडला तर आपण हाडाच्या डॉक्टरकडे जातो, तसेच हे.

पण त्या डॉक्टरपर्यंत माणूस जातो कसा? बहुतेक वेळा कुणीतरी हळूच विचारल्यावर. ते विचारणे खोलीत, सासू-सासऱ्यांसमोर, भिंतीपलीकडच्या कानांसमोर होत नाही. ते पायऱ्या चढताना, मागे राहिलेल्या वहिनीबरोबर चालताना होते. "काय गं, बरी आहेस ना?" एवढेच. म्हणून सहलीत सगळ्यात मागून चालणाऱ्याची जबाबदारी एखाद्या समजूतदार मावशीवर द्यावी. एकदा आनंदाने तथागतांना म्हटले की चांगल्या मित्रांची सोबत म्हणजे अर्धे धम्मजीवन झाले. तेव्हा तथागतांनी त्याला अर्धे नव्हे, पुरे म्हणायला सांगितले. ती कल्याणमित्रता वस्तीत रोज दिसते, आजारपणात, मयतीत, बाळंतपणात. मनाच्या दुखण्यातही ती दिसली पाहिजे.

येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर विहारातच दहा मिनिटे थांबा. तीन गोष्टी ठरवा : कोणत्या तारखेला निघायचे, पहिली जागा कोणती आणि तिकिटाचे पैसे कोण जमा करणार. मग एक चौथी गोष्ट ठरवा. आपल्या गल्लीत कोण बरेच दिवस घराबाहेर पडलेले नाही, त्याचे किंवा तिचे नाव काढा. आमंत्रणासाठी पहिले दार तिचे ठोठवा.

जय भीम, नमो बुद्धाय!